तीन की आठ

घणसोली गावात, तळ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
ती उभी होती, जुनी सोलापुरी चादर पांघरून.
चादर काढली तर आधी दिसले
सायकलवाल्याकडून वाकवून घेतलेले मडगार्ड,
मग लाल फायबर, आणि दारावर पंजाएवढी एक लाट,
साचा सुकायच्या आत उचलला गेला होता तिथे.
दोनच सीटा. छप्पर नाही.

"बग, घाय नाय," जोमा घरत म्हणाले,
आणि स्वतःच बघत राहिले.

ठाण्याच्या निबंधक कार्यालयात तेवीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या सह्या पाहिल्या आहेत.
म्हणून गाडीला हात लावायच्या आधी कागद मागितले.
त्यांनी बिस्किटांचा डबा आणला.
आरसी बुक घडीवर उसवलेलं,
कुणीतरी पांढऱ्या दोऱ्याने टाचलेलं.
मी वाचत गेले, ऑफिसात वाचते तशी, मोठ्याने:
निर्माता स्टँडर्ड, मद्रास.
प्रकार सलून, बंद. आसनं चार.
रंग फिकट निळा. वर्ष अडुसष्ट.

"यातलं इथे काय आहे?"

ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले,
चाकांच्या मधल्या अंधारात बोट दाखवलं:
"सांगारा."

बाकी सगळं त्यांचं.
सांगाड्यावरची प्रत्येक वाकवणी, रबाळ्याच्या गाळ्यात
रात्रपाळी संपल्यावर लेथवर काढलेली प्रत्येक बुशिंग,
अकरा वर्षं.
इंजिन व्हॅनचं, कुर्ल्याच्या भंगारातून.
पावती आहे. पावतीवर ऑइलचा अंगठा आहे, रक्कम नाही.

मालक:
वि. ग. टिपणीस, नौपाडा, ठाणे.

"हे कोण?"
"ज्याच्याकडून सांगारा घेतला तो."
ट्रान्सफरचे फॉर्म डब्यात तळाशी होते,
सही केलेले, तारीख कोरी, घेणाऱ्याचं नाव कोरं.
"आणि आता कुठे असतात?"
"वारले. सही चांगली हाय पन."

सही खरंच चांगली होती.
ट ची मान ताठ, खाली एक रेघ, दोन टिंबं.
मी त्यांना समजावलं, काउंटरवर समजावते तसं:
वारस शोधा, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र,
मग वाशीचं आरटीओ, तिथे विचारतील
इंजिन बदललं कुणाला विचारून,
दोन माणसं कुठे गेली, छप्पर कुठे गेलं.
ते ऐकत होते, भरतीची वेळ ऐकावी तसं.
मग म्हणाले,
"खारीपर्यंतच्या सातबाऱ्यावर बापाचं नाव व्हतं.
नाव व्हतं, जमीन गेली.
हिच्यावर नाव नाय,
तं ही कुठं गेली?"

मला काही सुचलं नाही. म्हटलं,
"फिटनेसही नऊ सालीच संपलाय."
त्यांनी आतल्या कुणाला तरी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत मी गोणपाटावर झोपले, पंजाबी ड्रेसवर,
सांगाड्यावर पातळ कागद धरला,
पेन्सिल आडवी करून घासत गेले.
आधी गंज उमटला, मग वेल्डिंगचा एक थेंब,
मग एकेक आकडा, वर येताना दम खात.
शेवटच्याच्या डाव्या अंगाला रंग साचलेला.
तीन. किंवा आठ.
बुकात तिथेच दोरा होता.

इंजिन त्यांनी चालू करून दाखवलं.
शेडचे पत्रे बोलायला लागले,
कोंबड्या उठल्याही नाहीत, त्यांना सवय होती.
"बस ना," म्हणाले. बसले.
विमा नाही म्हणून फक्त तळ्याला फेरी, दुसऱ्या गिअरमध्ये,
पाय लांब करून, जवळजवळ जमिनीवर.
म्हशी डोळ्यांच्या उंचीवर.
एका पोराने स्कूटर थांबवून विचारलं, कुठली कंपनी?
जोमा घरतांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, स्टँडर्ड, मद्रास.
ते हसले नाहीत.

टोकन दिलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.
रात्री पर्स उघडली तर पेन्सिलचा काळा
आधार कार्डावर, माझ्याच फोटोवर उतरलेला.
कागद दिव्यासमोर धरला. उलटा धरला.
साडेदहाला फोन केला.

"थांब," म्हणाले.
दार वाजलं, कुत्रं वाजलं, चादर घसरली.
बॅटरी दातात धरलेली असावी,
कारण आकडे ओले ओले येत होते, एकेक,
मध्ये श्वास.
"तीन," म्हणाले.
मग नखाने रंग खरवडल्याचा आवाज,
बराच वेळ.

"थांब हां. परत बगतो."